ए-लेव्हल पॉलिटिक्स: पाठांतराला एक तृतीयांश गुण

इंग्लंडमध्ये जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) आटोपली की मुलं बहुधा तीनच विषय निवडून दोन वर्षं ए-लेव्हल, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखा टप्पा, करतात. पॉलिटिक्स हा त्यातला एक. इथल्या बहुतेक मुलांनीही तो आधी कधी शिकलेला नसतो, त्यामुळे दहावी करून आलेलं आपलं मूल माहितीत फारसं मागे नसतं. ते मागे पडतं उत्तर लिहिण्याच्या सवयीमुळे.

परीक्षा मंडळं एकाहून जास्त आहेत. इथे एडेक्सेल या मंडळाचाच आराखडा धरतो. तीन पेपर, प्रत्येकी २ तास आणि ८४ गुण. पहिल्यात ब्रिटनचं राजकारण आणि तीन विचारप्रणाली: उदारमतवाद, रूढिवाद, समाजवाद. दुसऱ्यात ब्रिटनची शासनव्यवस्था आणि स्त्रीवाद, राष्ट्रवाद वगैरे पाचांपैकी एक विचारप्रणाली. तिसऱ्यासाठी अमेरिका किंवा जागतिक राजकारण. प्रोजेक्ट नाही, तोंडी परीक्षा नाही. दोन वर्षांचं सगळं शेवटच्या मे-जूनमध्ये. म्हणूनच शाळेत नाव न घालता बाहेरून बसणाऱ्यांनाही हा विषय जमतो, फक्त परीक्षा केंद्र आपलं आपण शोधावं लागतं.

खरी गोम ३० गुणांच्या प्रश्नात आहे. त्यातले १० गुण माहितीला, १० विश्लेषणाला आणि १० मूल्यमापनाला. म्हणजे नोट्स तोंडपाठ करून जसंच्या तसं उतरवलं तरी मिळून मिळून एक तृतीयांश. समजा, प्रश्न आला की सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी ही पद्धत बदलावी का. आपल्याकडे हीच पद्धत, म्हणून मुलं खुशीत फायद्यांची एक यादी आणि तोट्यांची एक यादी लिहितात आणि शेवटी ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असं म्हणून पेन ठेवतात. मूल्यमापनाचे गुण तिथेच बुडतात.

त्याऐवजी एकेक मुद्दा घेऊन त्याच परिच्छेदात दोन्ही बाजू भिडवायच्या आणि कोणती वजनदार ते तिथल्या तिथे सांगायचं. उदाहरणार्थ, २०२४ च्या निवडणुकीत लेबर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतांवर ५ आणि लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्क्यांवर ७२. हे आकडे नुसते टाकले तर ती माहिती. रिफॉर्मची मतं देशभर विखुरलेली होती आणि लिबरल डेमोक्रॅट्सची मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली, हे सांगितलं की विश्लेषण. मग ‘एका पक्षाचं सरकार येतं’ हा फायदा एवढ्या विषमतेची भरपाई करतो का, याचा निवाडा द्यायचा. निवाडा कोणताही चालतो, पण पहिल्या परिच्छेदात घेतलेली भूमिका शेवटी फिरवायची नाही.

पहिल्या दोन्ही पेपरांत एक प्रश्न दिलेल्या उताऱ्यावर असतो. उताऱ्यात नसलेला युक्तिवाद, कितीही चांगला असला तरी, तिथे उपयोगाचा नाही. बाहेरची माहिती आणायची ती उताऱ्यातल्या मुद्द्याला आधार किंवा छेद द्यायला. आणि एकच बाजू हाताळली तर गुणदानाच्या पाच पातळ्यांपैकी (पाचवी सर्वांत वरची) दुसरीच्या वर उत्तर जात नाही.

विचारप्रणालीचा प्रश्न २४ गुणांचा. प्रत्येक प्रमुख विचारप्रणालीला पाच विचारवंत नेमून दिलेत. त्यांचा आधारच घेतला नाही, तर इथेही दुसऱ्या पातळीचं कुलूप लागतं. दुसरी चूक अधिक चकवणारी आहे. ‘राज्यसंस्थेबाबत रूढिवाद्यांत कितपत एकमत आहे?’ असं विचारलं की मुलं रूढिवाद विरुद्ध समाजवाद लिहून मोकळी होतात. प्रश्न रूढिवाद्यांच्याच घरातल्या भांडणाचा असतो. एकीकडे सुव्यवस्थेसाठी प्रबळ सत्ता हवी म्हणणारा हॉब्ज, दुसरीकडे राज्यसंस्था किमान ठेवा म्हणणारा नॉझिक. त्यांची चरित्रं कुणी विचारत नाही.

वेळेचा हिशोब: ३० गुणांना सुमारे ४३ मिनिटं, २४ गुणांना ३४, तिसऱ्या पेपरातल्या १२ गुणांच्या प्रश्नांना प्रत्येकी १७. पहिलं उत्तर तासभर रंगवणाऱ्याचं शेवटचं अर्धवट राहतं, आणि हे हुशार मुलांचंच जास्त होतं.

जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण जपून. संसदेची मुदत निश्चित करणारा २०११ चा कायदा २०२२ मध्ये रद्द झाला. त्याआधीच्या पुस्तकात तो चालू कायदा म्हणून भेटेल. तिसऱ्या पेपरात अमेरिका निवडली तर ब्रिटनशी तुलना आलीच, म्हणजे दुसऱ्या पेपरचा अभ्यास पुन्हा कामी येतो.

पदवीला राज्यशास्त्र घ्यायचं तर हा विषय असलाच पाहिजे अशी अट सहसा नसते. ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध पीपीई (तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र) अभ्यासक्रमालाही नाही. निबंध लिहायला लावणारा दुसरा विषय, म्हणजे इतिहास, असला तरी भागतं. ज्याला रोजची बातमी वाचायचा कंटाळा आहे त्याने इतिहासच घ्यावा.

जाता जाता: राष्ट्रकुलातले म्हणून भारतीय नागरिकांनाही, वैध व्हिसावर इथे राहत असतील तर, १८ पूर्ण झाल्यावर ब्रिटिश संसदेसाठी मतदान करता येतं. आधी मतदारनोंदणी करावी लागते. केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो.