बॅटरी मेली नव्हती

१ जूनला मासेमारी बंदी लागली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी शाकारायची घाई सुरू होते. ३१ जुलैपर्यंत इंजिन खोलून होतं, जाळी विणून होतात, रंगही लागतो. वायरिंगच्या बाबतीत मात्र ‘लाईट लागतेय ना? मग झालं’ एवढंच. आमच्या बोटीवरही वर्षानुवर्षं असंच चालायचं.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही जाळं सोडून, इंजिन बंद करून रात्रभर लाटांवर पडलो होतो. पहाटे जाळं ओढायला इंजिन चालू करायला गेलो तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, नुसता कट्-कट् करायला लागला. केबिनमधला दिवा लख्ख, जीपीएस चालू, पण सेल्फ फिरायला तयार नाही. मी म्हटलं, “मामा, बॅटरी गेली.” आमचे तांडेलमामा (बोट चालवणारे प्रमुख) म्हणाले, “अरे, महिना पण नाय झाला तिला. आदी हात लावून बघ.”

पॉझिटिव्ह वायरीचं थिंबल, म्हणजे टोकाला बसवलेली बॅटरीला जोडायची धातूची कडी, गार होतं. निगेटिव्हच्या थिंबलाला बोट लावलं तर चटका बसला. मामांनी पक्कडीने ते दोनदा इकडेतिकडे फिरवलं, मी सेल्फ मारला, आणि इंजिन सुरू झालं. त्याआधीच्या दोन वर्षांत आम्ही दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या होत्या. दुकानदाराने दरवेळी जुनी बॅटरी मेली म्हणून सांगितलं आणि आम्ही ते मानलं.

धक्क्याला आल्यावर मी ती वायर सोडवून घरी आणली. थिंबलाखाली पांढरट-निळी भुकटी साचली होती. आवरण चिरत गेलो, तर तांबं वीतभर आतपर्यंत काळंठिक्कर. खारं पाणी तारांच्या मधून, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं, आत चढत जातं. वरून वायर नवी दिसते.

यातला हिशेब समजला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण तो अगदी सोपा आहे. सेल्फ फिरताना दीडशे अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. गंजलेल्या जोडात एका ओहमचा पन्नासावा भाग एवढा जरी अडथळा असला, तरी तिथेच तीन व्होल्ट खाल्ले जातात आणि त्याची उष्णता होते. दिवा एखाद-दुसराच अँपिअर घेतो, म्हणून त्याला काही जाणवत नाही. मल्टिमीटर लावायचा तो सेल्फ मारत असतानाच: एक टोक बॅटरीच्या खांबावर (टर्मिनलवर), दुसरं थिंबलावर. जोड चांगला असेल तर काटा जेमतेम हलतो. आमच्याकडे २.८ व्होल्ट आले.

आता दर बंदीत मी हे काम स्वतः करतो. आधी निगेटिव्ह सोडवायची आणि जोडताना ती शेवटी. इंजिनाचा सांगाडा निगेटिव्हलाच जोडलेला असतो. पॉझिटिव्हचा नट आधी सोडायला गेलात आणि पाना इंजिनाला टेकला तर मोठी ठिणगी उडते, आणि चार्जिंग झालेल्या बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. टर्मिनलवरची भुकटी कोमट पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवायची. सोडा बॅटरीच्या झाकणातून आत जाता कामा नये. मग गोड्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करायचं. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं. काही जण लिंबू नाहीतर चिंच लावून पितळ चकचकीत करतात. समईला ते ठीक आहे. इथे आंबट आतल्या फटीत राहतं आणि पंधरा दिवसांत पुन्हा हिरवं जंगाल येतं.

काळी पडलेली वायर घासून उपयोग नाही, गुलाबी तांबं दिसेपर्यंत कापायचीच. बदलायची असेल तर कल्हईची घ्यावी. आजी पितळेच्या पातेल्यांना दरवर्षी कल्हई करून घ्यायची, नाहीतर आमटी कळकते म्हणायची. या वायरीच्या प्रत्येक तारेवर तेच कथील असतं. म्हणून तिला पॉलिश पेपर लावायचा नाही, कथील निघून जातं. थिंबल नीट क्रिंप करायचं, म्हणजे तारेवर दाबून पक्कं बसवायचं, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवायची आणि कडेने गोंदाचा थेंब बाहेर दिसेपर्यंत तापवायची. काळी टेप मी बोटीवर ठेवतच नाही. ती पाणी अडवत नाही, धरून ठेवते.

नट घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीनचा हात. आधी घट्ट, मग व्हॅसलीन, म्हणजे धातूला धातू भिडलेला राहतो. आणि वायर जोडाकडे वरून सरळ उतरवायची नाही. खाली झोल देऊन मग वर न्यायची, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळून जातं.

यंदा बॅटरी, सेल्फ आणि बिल्ज पंपाचे (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचे) जोड झाले आहेत. डोलकाठीवरच्या दिव्याची वायर उरलीय. तिथे वरचा जोड मागच्या कोणीतरी नुसता पिळून टेप गुंडाळलेला आहे. पावसात स्लीव्ह चढवली तर ओल आतच कोंडली जाईल, म्हणून ताडपत्री बांधून ठेवलीय. दोन दिवस उघडीप मिळाली की मामा शिडी धरणार आहेत.