जोहान्सबर्गची दगडी चिक्की

"सोनं कुठंय?" बायकोने तिसऱ्यांदा विचारलं. जोहान्सबर्गच्या गोल्ड रीफ सिटी या करमणूक पार्कात, पूर्वीच्या क्राउन माइन्स या सोन्याच्या खाणीच्या १४ नंबरच्या शाफ्टखाली (शाफ्ट म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर), आम्ही हेल्मेट घालून भिंत न्याहाळत होतो. सोनं समोरच होतं, पण टनामागे काही ग्रॅम! ते डोळ्यांना कसलं दिसतंय?

दिसतात ते गारगोटीचे पांढरे गोटे, गुळाच्या पाकात दाणे बसवावेत तसे. हा पिंडाश्म, म्हणजे काँग्लोमरेट. बोअर लोकांनी, म्हणजे इथल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांनी, बदामाच्या मिठाईवरून त्याला 'बँकेट' नाव दिलं; आपण चिक्कीच म्हटलं असतं. १८८६ साली जवळच्या लांगलाख्ते शेतावर तो सापडला आणि त्यातून हे शहर उभं राहिलं.

भिंग जरूर न्या. गोट्यांच्या मधल्या भरावात चमकतं ते पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं सोनेरी खनिज, आणि त्याचे काही कण चक्क गोलसर असतात, पाण्यात वाहून झिजल्यासारखे. मला खरी गंमत इथे वाटली. सुमारे २९० ते २७० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी सोन्याबरोबर पायराइट आणि युरेनिनाइट या युरेनियमच्या खनिजाचे कणही वाहून आणले. आजच्या नदीत ऑक्सिजनमुळे हे दोन्ही टिकत नाहीत. तेव्हा टिकले, कारण हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच. सोनं नंतर गरम पाण्यातून आलं, असं मानणारेही आहेत. हा वाद जुना आहे, गाईडला विचारून बघा, मजा येते.

युरेनियमकडे आधी कुणी फारसं बघत नव्हतं. १९५२ मध्ये क्रुगर्सडॉर्पजवळ ते वेगळं काढायचा कारखाना सुरू झाला. पण बरंचसं युरेनियम सोनं काढून उरलेल्या खाणीच्या गाळातच राहिलं. शहराच्या कडेला दिसणारे पिवळट सपाट डोंगर ते हेच. फोटो लांबूनच काढा, वर चढू नका. वाऱ्याच्या दिवशी तर त्या धुळीपासून दूरच बरं.

बंद पडलेल्या शाफ्टकडेही फिरकू नका. तिथे बेकायदा खाणकाम चालतं. सोन्याचा कच्चा माल परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे, त्यामुळे आठवण म्हणून दगड उचलायचा मोह टाळा. पायांत बंद बूट हवेत. जून ते ऑगस्ट कोरडा काळ, पण शहर १,७०० मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने सकाळी स्वेटर लागतोच.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर गाडी करून पॅरिसला जा. फ्रान्समधलं नव्हे, फाल नदीकाठचं. सुमारे २०२ कोटी वर्षांपूर्वी तिथे उल्का आदळली आणि हेच थर उभे झाले.

बायकोने शेवटी विमानतळावर बदामाची मिठाई घेतली.