आयटी सेलवाल्यांनो, हँडओव्हर पुरे, टिपणी लिहा

विद्यापीठाच्या आयटी सेलमधून कुणी सोडून चाललं की शेवटच्या आठवड्यात साहेब म्हणतात "जाण्याआधी सगळं लिहून दे बरं का", मग तो बिचारा पाच-सहा पानांची वर्ड फाईल करतो, त्यात सर्व्हरचे आयपी, स्विचची यादी, व्हेंडर लोकांचे नंबर, आणि नो ड्यूजवर सही झाली की विषय संपला. ती फाईल पुढे कुणाच्या कामी आलेली मी तरी फारशी पाहिलेली नाही. काय कुठे आहे ते त्यात असतं, पण ते तसं का केलंय याचा पत्ता नसतो.

आता फायरवॉलच बघा, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी. जुन्या कुठल्यातरी आयपीला वाट देणारा एक रूल असतोच, कमेंटमध्ये नुसतं "टेम्प". कुणी मागितला, कधी, काही माहीत नाही. काढायला हात धजत नाही, कारण न जाणो परीक्षा विभागाचे मार्क त्यातूनच अपलोड होत असले तर ऐन निकालाच्या तोंडावर कोण विस्तवाशी खेळणार? मग तो टेम्पवाला पर्मनंट होतो, आमची कंत्राटी पोरं होत नाहीत ती गोष्ट वेगळी.

आणि गंमत म्हणजे त्याच इमारतीत आस्थापना विभागात दहा खुर्च्या घ्यायच्या असल्या तरी टिपणी लागते. विषय काय, मागणी कुणाची, आधी काय ठरलं होतं, कुठल्या नियमाने, आणि खाली "आदेशार्थ सादर". आपण त्यांना लाल फीत म्हणून हसतो, पण पंधरा वर्षांनी फाईल उघडली तरी हे असं का ठरलं ते तिथला नवा क्लार्कसुद्धा सांगू शकतो. आमच्याकडे अख्ख्या कॅम्पसचं नेटवर्क एका फोनवर बदलतं, "अरे जरा तेवढं करून टाक ना", आणि कागदावर शून्य.

माझं म्हणणं एवढंच की मॅन्युअल वगैरे राहू दे, तिकीट, म्हणजे आलेली तक्रार किंवा मागणी, बंद करताना तिथल्या तिथे चार ओळी लिहा: काय बदललं, कुणी सांगितलं, का, आणि कधी काढून टाकायचं. नॉलेज सेंटर्ड सर्व्हिस नावाची जी पद्धत आहे तिचं सारही हेच, उत्तर देता देताच ते लिहायचं, नंतर सवडीने नाही. सवड कधी मिळते हो? ॲडमिशन झाल्या की हॉल तिकीट, हॉल तिकीट झाले की निकाल.

सगळ्यात जास्त धोका चालू असलेल्या, कधीच न बिघडणाऱ्या गोष्टींचा. एड्युरोम घ्या, म्हणजे विद्यापीठांचं एकमेकांत चालणारं वायफाय, भारतात ते अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कमार्फत चालतं. दुसऱ्या विद्यापीठातले प्राध्यापक आपल्याकडे आले तरी स्वतःच्याच आयडीने वायफाय वापरतात, कारण आयडीमधला ॲटच्या चिन्हापुढचा भाग बघून विचारणा त्यांच्या मूळ संस्थेच्या रेडियस सर्व्हरकडे जाते आणि पासवर्ड तिथेच तपासला जातो. एकदा बसवलं की वर्षानुवर्षं कुणी तिकडे बघत नाही. मग एक दिवस त्या रेडियसचं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, संपतं, अर्धे फोन कनेक्ट व्हायला नकार देतात, आणि सर्टिफिकेट विकत घेतलेलं की घरचंच, त्याची गुप्त किल्ली म्हणजे प्रायव्हेट की कुठल्या फोल्डरमध्ये, हे माहीत असलेला माणूस केव्हाच हिंजवडीला गेलेला असतो.

ओटीपीचं तर विचारूच नका. डोमेनच्या रिन्यूअलची मेल निवृत्त सरांच्या पर्सनल जीमेलवर, एसएमएस गेटवेचा ओटीपी सोडून गेलेल्या पोराच्या मोबाईलवर, आणि तो आता नवीन ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोन सायलेंट. त्यामुळे प्रत्येक खात्याला पदाचा मेल आयडी आणि ऑफिसच्या नावावरचं सिम, यात तडजोड नको.

लिहायचं कुठे? व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच, तिथे उत्तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. मला डोकूविकी आवडतं, सगळ्यांनी मिळून पानं लिहायचं सॉफ्टवेअर. 2004 पासून आहे, फुकट आहे, डेटाबेस लागत नाही, सगळी पानं साध्या टेक्स्ट फाईलमध्ये, म्हणजे विकीचा सर्व्हर झोपला तरी फाईल कुठेही उघडून वाचता येते. रोजची एक कॉपी दुसऱ्या मशीनवर टाका, कारण नेटवर्क पडल्यावर ते परत कसं उभं करायचं हे त्याच नेटवर्कवर ठेवलं तर काय उपयोग. पासवर्ड मात्र विकीत नाही, ते कीपास या पासवर्डच्या तिजोरीत, आणि त्याची मास्टर की सीलबंद पाकिटात कुलसचिवांच्या कपाटात.

आता खरी अडचण. 11 महिन्यांच्या ऑर्डरवर काम करणारा पोरगा म्हणतो, सर, सगळं लिहून दिलं तर पुढच्या वेळी मला कशाला ठेवतील? याला मी काय सांगणार, त्याच्या जागी मी असतो तर मीही हातचं राखूनच ठेवलं असतं. निदान प्रत्येक पानावर लिहिणाऱ्याचं नाव राहावं आणि ऑर्डर वाढवायच्या प्रस्तावात त्या पानांची यादी जोडावी, एवढं मी साहेबांना सुचवलंय. साहेब म्हणाले, टिपणी टाका.