खा नावाच्या माणसाची शिदोरी

आज इटलीतल्या तुरीनच्या इजिप्शियन संग्रहालयात खा आणि मेरीत या जोडप्याच्या दालनातच माझी दुपार सरली. खा हा सुमारे ३,४०० वर्षांपूर्वी इजिप्तच्या फेरोंच्या, म्हणजे राजांच्या, थडग्यांच्या बांधकामावर देखरेख करणारा अधिकारी होता. देर अल-मदिना या कारागिरांच्या गावातले त्याचे थडगे १९०६ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ स्कियापारेल्ली यांना अगदी जसेच्या तसे सापडले. (अन्नाने भरलेल्या थडग्याच्या मालकाचे नाव ‘खा’ असावे, याचे हसू मराठी माणसालाच येणार.)

काचेआड वाळून तपकिरी झालेल्या गोल आणि त्रिकोणी भाकरी, लसूण, कांदे, जिरे आणि डूम ताडाची फळे मांडलेली आहेत. त्यांतली एक भाकरी कडेला तडकलेली पाहून मला आमच्या तव्यावरची फसलेली भाकरी आठवली.

प्राचीन इजिप्तमधला मुख्य गहू एमर, म्हणजेच आपली खपली. त्याचे टरफल दाण्याला घट्ट चिकटलेले असल्यामुळे बायकांना तो आधी उखळात कांडावा लागे आणि मग दगडी पाट्यावर दळावा लागे. त्या पिठात मिसळणाऱ्या वाळूने आणि दगडाच्या कणांनी लोकांचे दात झिजलेले त्यांच्या ममींमध्ये दिसतात.

देर अल-मदिनाच्या कारागिरांचा पगारही मुख्यतः धान्यातच मिळत असे, आणि फेरो तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी तो थकला, तेव्हा त्यांनी काम सोडून चक्क ठिय्या दिला. त्या संपाची नोंद असलेला पपायरसही (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचा लेख) याच संग्रहालयाच्या संग्रहात आहे.