वकट, लेंड आणि सात जुने अंक

हैदराबादला आबिड्सच्या रस्त्यावर दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. बंद दुकानांच्या पायऱ्यांपुढे ताडपत्र्या अंथरून विक्रेते पुस्तकांचे ढीग मांडतात आणि लोक तासन्‌तास उकिडवे बसून ते ढीग चाळत असतात. गेल्या हिवाळ्यात मुलीकडे मुक्कामाला गेलो असताना मीही तिथे बसलो होतो. स्पर्धा परीक्षांच्या गाईडांखालून एका मासिकाचा पिवळट कोपरा बाहेर आला होता. तो ओढून काढला, मधले पान उघडले आणि हातातले काम तिथेच थांबले. खांद्यावर प्रेत टाकून, हातात नंगी तलवार घेऊन एक राजा स्मशानातून चालला होता. मजकूर तेलुगूत होता. तेलुगू मला थोडेफार समजते, पण त्यातले एक अक्षरही वाचता येत नाही. तरीही त्या पानावर काय लिहिलेले असणार, हे मला ठाऊक होते.

तो ‘चांदोबा’चा तेलुगू भाऊ होता, ‘चंदामामा’. ढीग उपसल्यावर आणखी सहा अंक निघाले. एकाचे मुखपृष्ठ गेलेले, दोघांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. विक्रेत्याने सांगितली ती किंमत देऊन मी सातही अंक घेतले.

माझे गाव देगलूर तालुक्यात, लेंडी नदीपासून जवळ. आमच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचे घर होते, ते कुटुंब घरात तेलुगू आणि दाराबाहेर मराठी बोलत असे. दोन्ही घरांची माळवदे एकमेकांना इतकी जोडून होती की, त्यांच्या घरी जायला आम्ही मुले कधी दार वापरलेच नाही. त्या घरातला माझ्या वयाचा मुलगा माझा सगळ्यात जवळचा मित्र, आणि त्याच्या आजीला आख्खी गल्ली अव्वा म्हणत असे. अव्वाचे माहेर बिचकुंद्याचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तुकडे झाले तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली. “मी काही कुठं गेले नाही बाबा, माझं माहेरच दुसऱ्या राज्यात गेलं,” असे अव्वा सांगत असे आणि सांगताना दर वेळी तिचा आवाज थोडा खाली येत असे.

मी सांगतो आहे तो काळ १९७५ च्या आगेमागेचा. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. दुपारी बारा ते चार या वेळात घराबाहेर पाऊल टाकायचे नाही, हा दोन्ही घरांचा नियम होता आणि तो मोडायची कोणाची हिंमत नव्हती. मोठी माणसे आत झोपलेली असत. आम्ही दोघे आमच्या वाड्याच्या ढेलजेत, सारवलेल्या गार भुईवर पालथे पडून वाचत असू. वडील महिन्यातून एकदा देगलूरला जात, तेव्हा बसस्थानकावरून माझ्यासाठी मराठी ‘चांदोबा’ आणत. मित्राचा मामा निजामाबादेहून येताना त्याच्यासाठी तेलुगू ‘चंदामामा’ आणत असे. दोन्ही अंक एकाच महिन्याचे निघाले म्हणजे आमची दिवाळी असे. ते शेजारी शेजारी उघडून आम्ही पानाशी पान लावत असू. चित्रे रेषेबरहुकूम सारखी, चौकटी सारख्या, आणि चित्राभोवतीची अक्षरे मात्र एकीकडे रेघेखाली लोंबणारी, तर दुसरीकडे गोल गोल वळणांची.

मित्र माझ्याच मराठी शाळेत शिकत होता. तेलुगू अक्षरे त्याला शिकवली ती अव्वाने, आणि तीही त्याच मासिकावरून. ओळीखाली बोट धरून तो अडखळत वाचे, मग मी माझ्या अंकातला तोच परिच्छेद वाचे, आणि दोन्ही सारखे आहेत की नाहीत यावर आमचा वाद चाले. वेताळाच्या प्रश्नाला राजाने दिलेले उत्तर त्याच्या अंकात जास्त लांब आहे आणि माझ्या अंकात कोणीतरी ते कापले आहे, असा त्याचा ठाम दावा असे. मला ते सहन होत नसे. एकदा तर मी दोन्ही अंकांतल्या ओळी मोजून काढल्या होत्या.

त्याच्या बोलण्यात तथ्य असू शकेल, हे मला खूप उशिरा कळले. हे मासिक बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू केले. मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये आला. बहुतेक कथा आधी तेलुगूत लिहिल्या जात आणि मग इतर भाषांत उतरवल्या जात. विक्रम-वेताळाची ती चित्रे काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी गेले. ती बातमी वाचली त्या दिवशी घरातले कोणी गेल्यासारखा मी गप्प होतो. त्यांनी काढलेले राजाच्या धोतराचे चुणीदार सोगे आम्ही पाटीवर पेन्सिलीने कितीतरी वेळा गिरवले होते. तलवार जमत असे, चुण्या काही केल्या जमत नसत.

शाळेत ‘किशोर’ही येत असे. बालभारतीने ते मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केले होते आणि आमच्या गुरुजींनी त्याचे अंक दोऱ्याने टाचून वर्गाच्या खिडकीत ठेवले होते. त्याचे मोल मी कमी मानत नाही, कारण राजे आणि राक्षस यांच्यापलीकडे आजच्या मुलांच्याही गोष्टी असतात, हे मला तिथे प्रथम समजले. तरी एक उणीव त्या वेळीही जाणवत होती आणि आता अधिक स्पष्ट दिसते. त्या काळातल्या मराठी बालपुस्तकांत पुण्याच्या पेठा होत्या, मुंबईच्या चाळी होत्या, कोकणातला समुद्र होता. काळ्या रानातले, माळवदाच्या घरातले, दाराबाहेर पडताच भाषा बदलणारे मूल त्यांत नव्हते. आम्ही समुद्र पाहिला नव्हता. मग उन्हाळ्यात लेंडीच्या कोरड्या वाळूत उतरून आम्ही तोच समुद्र मानला आणि पुस्तकातली जहाजे तिथे कडब्याच्या पेंढ्यांनी चालवली. ‘चांदोबा’तले राज्य कुठल्याच गावाचे नव्हते, म्हणून ते आमच्या गावाचे व्हायला अडचण आली नाही. पडक्या गढीचा बुरूज म्हणजे स्मशान, आणि गढीमागची चिंच म्हणजे वेताळाचे झाड. त्याला लोंबकळणाऱ्या धाकट्या भावाला पाठीवर घेऊन मी बुरुजापर्यंत चालायचे, त्याने वाटेत कोडे घालायचे, आणि मी तोंड उघडले की त्याने पाठीवरून उडी मारून पुन्हा चिंचेकडे पळायचे. पुस्तक आणि खेळ हे दोन वेगळे छंद असतात, असे आम्हाला कधी वाटलेच नाही. दुपारी जे वाचले ते संध्याकाळी अंगात येत असे.

चारच्या सुमारास सावली गल्लीच्या मध्यापर्यंत आली की, ढेलजेबाहेर शिट्टी ऐकू येई. उन्हाळ्यात राज्य विटीदांडूचे. विटी बाभळीचीच हवी, कारण बाभूळ टणक असते आणि दांडूचे घाव सोसते. सुताराच्या कामठ्याजवळ बसून राहिले की, तो वखराचे जू तासता तासता एखादा तुकडा आमच्यासाठी बाजूला काढत असे. चार बोटे लांबीची, मधे जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी ती विटी नवी असताना तिला ओल्या लाकडाचा तुरट वास येत असे, आणि पहिल्या दिवशी ती खिशातून काढून वारंवार हुंगण्यात वेगळाच आनंद होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून जो रस्ता गावाबाहेरून गेला होता, त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत आम्ही बोटभर खोल गल कोरली होती.

गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलायची. ती कोणी झेलली तर खेळणारा बाद. झेल चुकला तर गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूला ती नेम धरून मारायची. नेम लागला तरी बाद. त्यातून वाचलेल्याने विटी उडवून टोला मारायचा आणि ती जिथे पडेल तिथून गलीपर्यंतचे अंतर दांडूने मोजत यायचे: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झंकू. सात झाले की पुन्हा वकटपासून. शेवटचा दांडू ज्या शब्दावर संपेल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा हे ठरत असे. आमच्या गावात वकटला विटी पायाच्या पंजावर ठेवत, मूंडला मुठीवर, आरला मान मागे टाकून डोळ्यावर, आणि झंकूला दुमडलेल्या कोपरावर. आर आला की सगळ्यांचा श्वास रोखला जाई. मिटलेल्या पापणीवर विटीचे ते हलके वजन आणि वर आभाळाचा तांबूस उजेड, हे दोन्ही मला आजही डोळे मिटले की जाणवते.

एकदा आम्ही गल्लीतच मोजत येत होतो आणि अव्वा ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. ती एकदम हसायला लागली. “काय करायलाव रे तुम्ही? माझे आकडे कामून मोडायलाव?” आम्हाला काही उमजेना. मग तिने सुपातले दाणे एकेक बाजूला सारत आम्हाला मोजून दाखवले: ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. आम्ही तोंडात बोट घालून पाहत राहिलो. वकट म्हणजे ओकटी, लेंड म्हणजे रेंडू. मित्र तर घरात रोज हे आकडे ऐकत होता, पण खेळातले शब्द आणि आजीचे आकडे एकच आहेत, हे त्याच्याही कधी ध्यानात आले नव्हते. हे शब्द काही आमच्या सीमेवरचेच नाहीत. पुण्याकडची मुलेही वकट-लेंड म्हणतच विटी मोजत. फरक इतकाच की, तिथे ते अर्थ नसलेले खेळातले शब्द होते, आणि आमच्या गल्लीत त्यांची धनीण समोर बसून ज्वारी निवडत होती.

मृगाचा पाऊस पडला की विटी आपोआप माळ्यावर जात असे, कारण काळ्या मातीत ती रुतून बसते आणि टोला मारताच येत नाही. मग त्याच ओल्या मातीत लोखंडी सळई रोवत गावभर फिरायचा खेळ सुरू होई. नागपंचमीला लिंबाला झोके, दिवाळीनंतर बोरी आणि हुरडा, मुलींचे गजगे, आणि मोठ्यांचे जेवण झाल्यावर चांदण्यात लपंडाव. लगोरीला आम्ही लिंगोरचा म्हणत असू आणि त्यासाठी लागणारा चिंध्यांचा चेंडू अव्वाच शिवून देत असे. तिच्या हातचा चेंडू पाठीत बसला तरी लागत नसे.

दुःख एका गोष्टीचे आहे आणि ते मी मोकळेपणाने लिहितो. आमच्याजवळच्या एका वाचनालयात ‘चांदोबा’चे आणि ‘किशोर’चे जुने अंक वर्षवार बांधून ठेवलेले होते. माझेही काही अंक मी नोकरीनिमित्त गाव सोडताना तिथे दिले होते. काही वर्षांपूर्वी गेलो तर ती कपाटे रिकामी. जागा कमी पडली म्हणून बालविभागाचे जुने गठ्ठे रद्दीत घातले, असे तिथल्या माणसाने सहज सांगितले, आणि मी विचारल्यावर भावही सांगितला. तो भाव मला इथे लिहवत नाही. कथाकादंबऱ्यांच्या एकाही कपाटाला हात लागला नव्हता. मुलांचे वाचन हे तात्पुरते, म्हणून मुलांची पुस्तकेही तात्पुरती, असा जो समज आपल्याकडे रुजला आहे तो मला फार चुकीचा वाटतो. माणूस आयुष्यात एखादे पुस्तक पन्नास वेळा वाचतो ते लहानपणीच. बालभारतीने ‘किशोर’चे जुने अंक संगणकावर वाचायला खुले केले आहेत, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. ‘चांदोबा’ मात्र २०१३ च्या सुमारास बंद पडला, आणि माझ्या बांधीव वर्षांची पाने कुठल्या तरी गिरणीत लगदा होऊन गेली.

म्हणून आबिड्सहून आणलेले ते सात अंक मी माझ्याकडे ठेवले नाहीत. परतीच्या वाटेवर निजामाबादला उतरलो. मित्र आता तिथेच असतो. अव्वाला जाऊन तीस वर्षे होऊन गेली. तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला असून घरी नातवंडे आहेत, त्यांना तेलुगू आणि इंग्रजी येते, मराठी येत नाही. मी पिशवीतून अंक काढून त्याच्यासमोर ठेवले तेव्हा तो काही बोलला नाही. चष्मा पुसून त्याने पहिला अंक उघडला, राजाच्या चित्रावर आला आणि अगदी लहानपणीसारखे ओळीखाली बोट धरून वाचू लागला. आता तो अडखळत नव्हता. तो परिच्छेद वाचून थांबे आणि मला मराठीत सांगे, आणि मी मधेच पुढचे सांगितले की मान हलवे. राजाचे उत्तर आले तेव्हा त्याने ते दोनदा वाचले. “लांबच आहे,” तो म्हणाला. मी या वेळी वाद घातला नाही.

नातवाला दाखवायला म्हणून त्याने ते अंक उचलले आणि सवयीने मोजत एकावर एक ठेवू लागला. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. माझे ओठही सोबत हलत होते. ऐदू, आरू. सातव्या अंकाला तो “एडू” म्हणाला आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून “झंकू” निघाले. त्याने अंक खाली ठेवला, उजवा हात कोपरात दुमडून वर धरला आणि डाव्या हाताची दोन बोटे विटीसारखी त्या कोपरावर अलगद टेकवली.