ऑपरेशनला बायकाच का येतात?

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटांचा आहार बघणं हे माझं काम, न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलात. मंडळाच्या कार्यक्रमात माझं हे काम कळलं की कुणीतरी काका हमखास विचारतात, "तुमच्याकडे बायकाच जास्त येत असतील, नाही का?" स्वर असा, की बायकांना दिसण्याची भारी हौस.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हो, अमेरिकेत या ऑपरेशनच्या दर पाच पेशंटांत साधारण चार बायका असतात. पण २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत लठ्ठपणा प्रौढ पुरुषांत ४३ टक्के होता आणि बायकांत ४२. मग बाकीचे पुरुष गेले कुठे? त्यांना कुणी टोकत नाही, हे माझं उत्तर. बाईला घरात, दुकानात, दवाखान्यात वजनावरून ऐकून घ्यावं लागतं. पुरुषाचं पोट खात्यापित्या घरचं ठरतं. तो येतो तेव्हा वय वाढलेलं असतं, बीपी, शुगर, झोपेत श्वास अडकणं सगळं सोबत असतं, आणि ऑपरेशनची जोखीमही वाढलेली असते.

मला मात्र जास्त छळतं ते कोण गळतं हे. त्याच पाहणीत कृष्णवर्णीय बायकांत लठ्ठपणा जवळजवळ ५७ टक्के होता, सगळ्यांत जास्त. त्या मानाने ऑपरेशनच्या टेबलापर्यंत त्या कमीच पोचतात, आणि पुढच्या तपासण्यांतूनही त्याच जास्त सुटतात. कित्येक इन्शुरन्स कंपन्या मंजुरीआधी काही महिने, दर महिन्याला, डाएटची हजेरी मागतात. तासावर पगार असलेल्या बाईने ती कशी द्यायची?

आमची एक पेशंट घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करते. ऑपरेशननंतर ती येईनाशी झाली. फायलीत शेरा पडला : सूचना पाळत नाही. दोन बसेस आणि अर्ध्या दिवसाचा बुडालेला पगार यांसाठी फायलीत रकाना नसतो. बऱ्याच महिन्यांनी आली ती बर्फाचा मोठा ग्लास घेऊन, आणि बोलता बोलता कडाकडा चावत होती. दिवसभर बर्फ खावासा वाटला की मी आधी लोह तपासायला सांगते. वजनाच्या ऑपरेशनचा एक प्रकार म्हणजे जठराचा बायपास, त्यात अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून जातं, लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं. त्यात पाळी चालू असेल तर साठा भराभर उतरतो. गोळ्या तर ती घेत होती! पण लोहाची आणि कॅल्शियमची एकदमच, कामावर निघताना. दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं. आता तिची भेट आम्ही व्हिडिओवर घेतो, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, आणि रक्त ती घराजवळच्या लॅबमध्ये देते. एकही भेट चुकलेली नाही.

एवढं ऐकून काका मान हलवतात. मग मी त्यांची शुगर विचारते. कारण आपल्या लोकांची अडचण आकड्यातच आहे. १९९१ मध्ये अमेरिकेत या ऑपरेशनसाठी रेघ आखली गेली ती बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४०, किंवा गंभीर आजार असेल तर ३५. आपलं शरीर त्याच्या कितीतरी आधी बिघडतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२.

२०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या संघटनांनी रेघ सरसकट ३५ वर आणली, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करा असं सांगितलं. पॉलिसीत मात्र अजून पुष्कळ ठिकाणी जुनेच आकडे आहेत. भारतात विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या मजकुरातही ४०, किंवा ठराविक आजारांसह ३५, असंच आहे. तेव्हा तिकडे तुमचा भाचा ३३ बीएमआयचा, इन्सुलिनवर असेल, तर डॉक्टर हो म्हणाले तरी आधी पॉलिसी वाचायला सांगा. बहुतेक पैसे खिशातूनच जातील.