बुलेटचं कॉम्प्रेशन ११५? मग हेड खोलाच

निळा धूर सोडणाऱ्या, तेल पिणाऱ्या जुन्या बुलेटचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, भरपूर आलं तर मला आनंद होत नाही, शंका येते.

वडिलांची ८६ सालची ३५० बुलेट माझ्याकडे आहे, कास्ट आयर्न इंजिनची. पावसाळ्यानंतर यवतेश्वरच्या घाटात ती चढाला नॉकिंग, म्हणजे इंजिनात ठकठक, करायला लागली. प्लगच्या भोकात दाब मोजायचा गेज लावला, काटा ११५ पीएसआयवर. मिस्त्री म्हणाले, "कॉम्प्रेशन झकास आहे, कशाला खोलताय?"

पण हा आकडा या इंजिनाचा नाहीच. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९०, म्हणजे ३४६ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते तो आकडा, जेमतेम साडेपाच. पिस्टन वर आला की हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, साधारण ७७ सीसी जागा उरते. ठीक असताना ही गाडी याच गेजवर नव्वदच्या आसपास दाखवायची. मग वरचे पंचवीस आले कुठून? जागा भरली म्हणून. कार्बनचा थर आणि वर चढलेलं तेल यांनी दहा सीसी जरी खाल्ले, तरी रेशो सहाच्या पुढे जातो. शिवाय तेच तेल पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांभोवतीची फट बुजवतं. रिंगा गेलेल्या आणि काटा मात्र वर, असं होतं ते यामुळे.

म्हणूनच रिंगा झिजल्यात का ते बघायला प्लगच्या भोकातून तेल सोडून करायच्या चाचणीत मी चहाचा एकच चमचा घालतो. पाच मिलीनेही रेशो ५.८ होतो, म्हणजे रिंगा उत्तम असल्या तरी काटा थोडा हलणारच. काहीजण अर्धी वाटी ओततात. त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आकडा कमी आला तरी लगेच बोअरिंगच्या (सिलिंडर आतून कातण्याच्या) गोष्टी करू नयेत. आधी किक हलकी करणाऱ्या डीकॉम्प्रेसरची केबल बघा. ती ताणलेली असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट घट्ट असतील तरी तेच. थ्रॉटल पूर्ण उघडा धरूनच किक मारा, नाहीतर इंजिनाला हवाच मिळत नाही. आणि गेजच्या नळीतला व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाला हवा. तो घड्याळापाशी असेल तर नळीतली जागाही हेडच्या जागेत मिळते. ७७ मध्ये दहाची भर पडली की रेशो पाचवर येतो. चारचाकीचा लांब नळीचा गेज मी बुलेटला लावत नाही, तो याचसाठी.

एवढं तपासूनही काटा खालीच असेल, तर तो चढतो कसा ते बघा. पहिल्या किकला कमी आणि पुढे प्रत्येक किकला वाढत गेला तर रिंगा. पहिल्यापासून अडूनच बसला तर बहुतेक व्हॉल्व्ह. मला शेवटच्या आकड्यापेक्षा ही चाल जास्त सांगून जाते.

आमच्या बुलेटचं हेड खोललं तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती काळा, टणक थर होता. तो खरवडून, व्हॉल्व्ह लॅपिंग करून (घासून नीट बसवून), जुन्याच रिंगांवर पुन्हा गेज लावला: ७०. खरी तब्येत ही होती. लेथवाल्याने बोअर वर, मध्ये, खाली मोजला. सरळ निघाला, त्यामुळे नुसत्या रिंगा बदलून भागलं. रिंगा बसायला वेळ दिला, मग मोजलं. काटा ९२ वर आहे आणि घाटातलं नॉकिंग गेलंय.